स्वाइपनंतरचं ‘डिलीट’ बटण: गोल कोपरे, आयकनखाली मजकूर आणि आधी विचारणा, कसं जमवायचं?

मधला_कंस

यूआयकिट (ॲपलचं स्क्रीन बांधायचं फ्रेमवर्क), साधा टेबलव्ह्यू (ओळींची यादी), आयओएस १५ पासून पुढे. प्रत्येक रो (यादीतली एक ओळ) ७२ पॉइंट (आयओएसचं मोजमापाचं एकक) उंच. आत वर-खाली ४-४ पॉइंट जागा सोडून ६४ पॉइंटांचं कार्ड, कोपऱ्यांची त्रिज्या १२. ट्रेलिंग स्वाइपच्या (ओळीच्या शेवटाकडून ओढण्याच्या) डेलिगेट मेथडमधून (टेबल विचारतं तेव्हा उत्तर देणाऱ्या) एकच कॉन्टेक्स्चुअल ॲक्शन (स्वाइपचं बटण) परत करतोय: स्टाइल डिस्ट्रक्टिव्ह (काढून टाकणारी), टायटल ‘काढून टाका’, कचरापेटीचा आयकन, पार्श्वभूमी विटकरी. अडचणी चार:

१. आयकन दिसतो, टायटल दिसत नाही. आयकन काढला की टायटल येतं.
२. बटण ७२ पॉइंट उंच होतं, म्हणजे कार्डाच्या वर-खाली ४-४ पॉइंट बाहेर डोकावतं. शिवाय चौकोनी. डिझाइनमध्ये ते कार्डाइतकंच उंच आणि गोल कोपऱ्यांचं आहे.
३. डिलीट करण्याआधी अलर्ट दाखवतो. पूर्ण स्वाइप केलं की रो सरकून निघून जाते आणि मग अलर्ट येतो. ‘रद्द’ दाबल्यावर कधी परत येते, कधी तशीच अडकून राहते.
४. हेच अँड्रॉइडवर रिसायकलरव्ह्यूमध्ये (तिथल्या यादीत) करायचंय. तिथे रंग आणि आयकन जमलाय, पण बोटाच्या नुसत्या झटक्यानेही डिलीट होतं.

बटणाच्या सबव्ह्यूमध्ये शिरून कॉर्नर रेडियस लावायचं उत्तर सगळीकडे सापडतं. ते कितपत टिकतं?

---

टेबलतोड

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो: टिकत नाही. ते बटण ज्या खाजगी व्ह्यूमध्ये बसतं तो आयओएस ११ मध्ये थेट टेबलव्ह्यूच्या सबव्ह्यूंमध्ये असायचा. आयओएस १३ मध्ये तो आणखी एका कंटेनरच्या आत गेला आणि जुनं शोधकाम मुकाट्याने बंद पडलं. क्रॅश नाही, वॉर्निंग नाही, फक्त कोपरे पुन्हा चौकोनी. असं काही प्रॉडक्शनमध्ये ठेवू नका.

सिस्टिमच्या बटणात अधिकृतपणे तुमच्या हातात तीनच गोष्टी आहेत: टायटल, इमेज, पार्श्वभूमीचा रंग. फॉन्ट नाही, त्रिज्या नाही, उंची नाही. त्यामुळे आधी ठरवा, इमेजमध्ये रंगवून भागतंय की बटण स्वतःच बनवायचंय. मधला मार्ग शोधण्यातच दिवस जातात.

टायटलचं आधी. इमेज आणि टायटल दोन्ही दिलं, तर मजकूर दिसायला रो साधारण ९१ पॉइंट उंच लागते. त्याहून कमी असली की फक्त आयकन. हा आकडा डॉक्युमेंटेशनमध्ये नाही, त्यामुळे त्यावर गणित बांधू नका. ७२ मध्ये दोन्ही हवं असेल तर ग्राफिक्स इमेज रेंडरर घेऊन एकच चित्र काढा: वर २२ पॉइंटांचा आयकन, ४ पॉइंट मोकळे, खाली ११ पॉइंटांत ‘काढून टाका’. सिस्टिम या इमेजला टेम्प्लेट समजते, म्हणजे तुमचे रंग टाकून देते, फक्त पारदर्शकता बघते आणि सगळं पांढरं करते. इथे ते आपल्या पथ्यावरच पडतं. पांढरा आयकन, पांढरा मजकूर, मागे ॲक्शनचा विटकरी रंग, काम झालं.

गोल कोपरे याच युक्तीने करायला गेलात की मात्र टेम्प्लेट आडवं येतं. विटकरी गोलसर चौकोन, त्यावर पांढरा आयकन अशी इमेज दिली की अख्खा पांढरा ठोकळा दिसतो, कारण पारदर्शक काहीच उरत नाही. आधी रेंडरिंग मोड ‘ऑलवेज ओरिजिनल’ करून बघा. तरीही ठोकळाच आला तर जुनी पळवाट अशी: यूआयइमेजचा छोटा सबक्लास, त्यात रेंडरिंग मोड बदलणारी मेथड ओव्हरराइड करून सरळ सेल्फ परत करायचं. रेंडररने दिलेल्या इमेजमधून सीजीइमेज (आतलं कच्चं पिक्सेलचित्र) काढून हा सबक्लास बनवताना स्केल (एका पॉइंटात किती पिक्सेल) द्यायला विसरू नका, नाहीतर ३ स्केलच्या स्क्रीनवर ६४ पॉइंटांचं बटण १९२ चं होतं. ॲक्शनचा रंग टेबलच्या पार्श्वभूमीचाच ठेवा, म्हणजे मागचा चौकोन दिसत नाही.

एक मर्यादा राहतेच. बोट ओढत असताना बटण रुंदावतं, चित्र रुंदावत नाही. पूर्ण स्वाइपमध्ये ६४ पॉइंटांचा तुकडा मोकळ्या पट्ट्यावर तरंगताना दिसतो. म्हणून या पद्धतीत पूर्ण स्वाइप बंद ठेवलेलं बरं. कॉन्फिगरेशनमधली ‘परफॉर्म्स फर्स्ट ॲक्शन विथ फुल स्वाइप’ ही प्रॉपर्टी मुळात चालू असते, ती फॉल्स करा.

वर-खाली डोकावणाऱ्या ४ पॉइंटांना दुसरा इलाज म्हणजे प्रत्येक कार्ड स्वतंत्र सेक्शन करणं. रो ६४ ची होते आणि मधली ८ पॉइंट जागा सेक्शन फुटरला जाते. बटण आपोआप ६४. टेबल ग्रुप्ड स्टाइलचं असेल तर हेडरची उंची शून्य देऊन चालत नाही, ठरलेली उंची परत येते. शून्याहून मोठा सर्वांत लहान आकडा द्यावा लागतो. आणि डिलीट करताना रो नाही, सेक्शन डिलीट करायचा. हे विसरलं की पहिल्याच डिलीटला क्रॅश.

आता तिसरा मुद्दा. डिस्ट्रक्टिव्ह स्टाइलचा अर्थ नुसता लाल रंग नाही. पूर्ण स्वाइपला टेबल ‘ही रो जाणार’ असं गृहीत धरून ती बाहेर सरकवतं आणि तुमच्या कम्प्लिशनची (काम झालं की नाही हे कळवणाऱ्या कॉलची) वाट बघतं. ट्रू मिळालं तर गेली, फॉल्स मिळालं तर परत आणतं. तुमची रो ‘कधी कधी’ अडकते म्हणजे अलर्टच्या एखाद्या वाटेवर कम्प्लिशन बोलावलंच जात नाहीये. ‘रद्द’च्या हँडलरमध्ये फॉल्स द्या. ॲक्शन शीट असेल तर आयपॅडवर बाहेर टॅप करूनही ती बंद होते. तेव्हा कॅन्सल स्टाइलचं बटण ठेवलेलं असेल तर त्याचाच हँडलर चालतो, म्हणून ते बटण हवंच. विचारणा करायचीच असेल तर सरळ नॉर्मल स्टाइल घ्या आणि रंग हाताने द्या. रो जागची हलत नाही.

‘हो’ दाबल्यावरचा क्रम: आधी मॉडेलमधून वस्तू काढा, मग डिलीट रोज, शेवटी कम्प्लिशन ट्रू. पहिल्या दोघांची अदलाबदल झाली की ‘इनव्हॅलिड नंबर ऑफ रोज’वाला क्रॅश ठरलेला. आणखी एक: क्लोजरमध्ये (नंतर चालणाऱ्या कोडच्या तुकड्यात) इंडेक्सपाथ (रोचा क्रमांक) पकडून ठेवू नका. अलर्ट उघडा असताना मागे सिंक होऊन वर नवी रो आली तर तुम्ही शेजारच्याचं कार्ड उडवाल. वस्तूचा आयडी पकडा आणि ‘हो’ दाबल्यावर त्यावरून इंडेक्स नव्याने शोधा.

---

अर्धविराम

डिझाइन खरंच ‘कार्ड सरकतंय, मागून गोल बटण उलगडतंय’ असं असेल तर सेलमध्ये (रोच्या व्ह्यूमध्ये) स्वतःचा पॅन जेश्चर (बोटाने ओढणं ओळखणारा) लावा. दीडशे-दोनशे ओळींचं काम आहे, पण हे मुद्दे चुकवायचे नाहीत.

जेश्चर सुरू व्हावा की नाही हे ठरवणाऱ्या मेथडमध्ये आडव्या वेगाची उभ्याशी तुलना करा. आडवा जास्त असेल तरच ट्रू. हे नसेल तर स्क्रोल अडखळतं आणि दोष टेबलला लागतो. बटणाची रुंदी ८० धरली तर बोट सोडताना ४० च्या पुढे असलं की उघडं ठेवा, नाहीतर बंद. वेगाने सोडलं असेल तर अंतर न बघता वेगाच्या दिशेने जा. प्रिपेअर फॉर रियूजमध्ये (सेल पुन्हा वापरला जाण्याआधी चालणाऱ्या मेथडमध्ये) सरकवलेलं अंतर शून्यावर आणा, नाहीतर खाली स्क्रोल केल्यावर भलतंच कार्ड उघडं सापडतं. एका वेळी एकच सेल उघडा राहील हे टेबलकडून सांभाळा आणि स्क्रोल सुरू होताच तो मिटवा.

सिस्टिमचे स्वाइप ॲक्शन व्हॉइसओव्हरला (स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीला) आपोआप कळतात, तुमचा पॅन कळत नाही. सेलच्या ॲक्सेसिबिलिटी कस्टम ॲक्शन्समध्ये ‘काढून टाका’ हाताने घालावं लागतं. टचची जागा ४४ बाय ४४ पॉइंटांहून लहान नको.

स्विफ्टयूआयवर (ॲपलच्या नव्या फ्रेमवर्कवर) जाणार असाल तर हेच दुखणं तिथेही भेटतं. स्वाइप ॲक्शन्स मॉडिफायर आयओएस १५ पासून आहे. बटणाला डिस्ट्रक्टिव्ह रोल दिला की टॅप होताच रो जाण्याचं ॲनिमेशन सुरू होतं, कन्फर्मेशन नंतर येतं. रोल न देता टिंट लाल करा. आणि हा मॉडिफायर लावला की ऑन डिलीटमधून फुकट मिळणारं बटण गायब होतं, तो बग नाही.

---

रिसायकल

अँड्रॉइडचं सांगतो. आयटम टच हेल्परमध्ये (रिसायकलरव्ह्यूचं स्वाइप सांभाळणाऱ्या क्लासमध्ये) डिलीट दोन वाटांनी होतं: अंतर किंवा वेग. स्वाइप थ्रेशोल्ड मुळात ०.५ असतो, म्हणजे रिसायकलरव्ह्यूची अर्धी रुंदी. तो ०.७ केलात तरी झटका चालतो, कारण एस्केप व्हेलॉसिटी (झटक्याला लागणारा किमान वेग) वेगळी आहे आणि मुळात फक्त सेकंदाला १२० डीपी (अँड्रॉइडचं मोजमापाचं एकक). ती मेथड ओव्हरराइड करून मिळालेली किंमत पाचपट करून परत द्या. वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ८०० डीपी आहे. एस्केप त्याच्या वर नेली की झटक्याने डिलीट होणं पूर्ण बंद.

ऑन चाइल्ड ड्रॉमध्ये (सरकणारी रो रंगवणाऱ्या मेथडमध्ये) जे रंगवता ते बटण नाही, चित्र आहे. त्यावर टॅप लागत नाही. उघडं राहणारं, दाबता येणारं बटण हवं असेल तर आयटम टच हेल्परशी झगडू नका, सेलच्या लेआउटमध्ये मागे खरं बटण ठेवून पुढचं कार्ड सरकवा.

नुसतं चित्र पुरेसं असेल तर कोपऱ्यांची एक गंमत बघा. लाल पट्टा बरोबर कार्डाच्या उजव्या कडेपासून सुरू केला तर कार्डाच्या गोल कोपऱ्यापाशी पार्श्वभूमीचा छोटा त्रिकोण उघडा दिसतो. हा पट्टा कार्डाच्या खालच्या थरात रंगतो, म्हणून त्याची डावी कड त्रिज्येइतकी, तुमच्याकडे १२ डीपी, आणखी डावीकडे न्या. कार्ड ती झाकतं. पण सरकलेलं अंतर शून्य असताना काहीच रंगवू नका, नाहीतर कार्ड जागेवर आल्यावर उजव्या कोपऱ्यांत लाल ठिपके उरतात. तुमचा ४-४ वाला त्रास इथे होत नाही: जागा मार्जिन किंवा आयटम डेकोरेशनने दिली असेल तर आयटम व्ह्यूची उंची कार्डाइतकीच असते.

ऑन स्वाइप्डमध्ये (स्वाइप पूर्ण झाल्यावर चालणाऱ्या मेथडमध्ये) बाइंडिंग ॲडॉप्टर पोझिशन (यादीतली रोची जागा) घ्या आणि ‘नो पोझिशन’ आलं तर तिथूनच परत फिरा. विचारणेत ‘रद्द’ आलं तर नोटिफाय आयटम चेंज्ड बोलवा. त्याशिवाय रो परत येत नाही, मोकळी जागा राहते.

माझं मत विचाराल तर अलर्टच नको. लगेच काढा आणि स्नॅकबारवर (खाली थोडा वेळ दिसणाऱ्या पट्टीवर) ‘परत आणा’ द्या. लाँग स्नॅकबार पावणेतीन सेकंद टिकतो, घाईत तेवढं कमी पडतं, वेळ स्वतः वाढवा. सर्व्हरवरचं डिलीट तो मिटल्यावर करणार असाल तर आधी डेटाबेसमध्ये ‘काढलेलं’ अशी खूण करून ठेवा. मधेच ॲप बंद पडलं तर मिटल्याचा कॉलबॅक येतच नाही आणि कार्ड पुढच्या वेळी जिवंत.

---

मधला_कंस

सेक्शनवाली पद्धत आणि नॉर्मल स्टाइल लावली. ‘रद्द’च्या वाटेवर कम्प्लिशन खरंच राहून गेलं होतं. अँड्रॉइडचा झटकाही थांबला. गोल कोपऱ्यांचा नाद सध्या सोडला, आयकन आणि मजकुराची एकच इमेज ठेवलीय. पण सेटिंगमधून अक्षरं मोठी केली की काही कार्डांवर ‘काढून टाका’ दोनदा दिसतं.

---

टेबलतोड

अक्षरं मोठी झाली, कार्ड ९१ च्या पुढे वाढलं आणि सिस्टिमला टायटलसाठी जागा मिळाली. एक तुमच्या चित्रातलं, एक तिचं. टायटल निल (रिकामं) करा आणि इमेजला ॲक्सेसिबिलिटी लेबल ‘काढून टाका’ द्या, मग व्हॉइसओव्हर चालू करून ते ऐकू येतंय याची खात्री करा. चित्रातला ११ चा फॉन्ट ‘फॉन्ट मेट्रिक्स’मधून (सेटिंगमधल्या अक्षरांच्या आकारानुसार) वाढवा, पण १६ च्या आसपास कमाल मर्यादा घाला, नाहीतर बटणच अर्धी रो खातं. इमेज कॅश करू नका. डेलिगेट मेथड दर स्वाइपला बोलावली जाते, त्यामुळे अक्षरांचा नवा आकार चित्रात आपोआप येतो.