पांढरा की राखाडी? भिंतींचे अनुभव सांगा

दोन मतांमध्ये अडकलेली

घर पुण्यात, तिसरा मजला, हॉलची खिडकी उत्तरेला. नऊ वर्षांनी रंगकाम काढलंय. मला पांढरा हवा, नवऱ्याला ग्रे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घराला राख कसली फासताय?" आणि त्यांच्यापुरता विषय संपला. शेडकार्डावरच्या बोटभर तुकड्यावरून अख्खी भिंत कशी दिसेल हे मला तरी कळत नाही. सल्ले भरपूर जमलेत, आणखी नकोत. रंग लावून त्या भिंतींसोबत निदान एक पावसाळा काढलाय त्यांनी काय झालं ते लिहा. फसलं असेल तर आधी ते लिहा.

उत्तरमुखी, नाशिक

उत्तरेची खिडकी वाचली आणि राहवलं नाही. आमच्याही हॉलमध्ये थेट ऊन येत नाही. शेडकार्डावर अगदी सोज्वळ दिसणारा ग्रे भिंतीवर चढला आणि निळा झाला. पाहुणे "आकाशी छान आहे हो" म्हणायचे. मी पेंटरवर चिडलो, डबा बदलला म्हणालो. त्याने डब्यावरचा शेड नंबर दाखवला. नंबर बरोबर होता, माणूस खरा होता, चूक माझी.

ग्रे म्हणजे नुसतं पांढऱ्यात काळं कालवलेलं नसतं. त्यात निळी, हिरवी, जांभळट नाहीतर मातकट झाक असते, आणि दुकानाच्या दिव्यांत ती कळत नाही. उत्तरेच्या खिडकीतून उन्हाऐवजी आकाशाचा उजेड येतो. तो मुळातच निळसर, त्यामुळे निळी झाक वर आली. त्यात घरातले एलईडी ६५०० केल्विनचे, दवाखान्यासारखे पांढरेफेक, म्हणजे रात्रीही सुटका नाही. पुन्हा रंग काढायची ताकद नव्हती. दिवे ३००० केल्विनचे, पिवळसर उजेडाचे लावले, तेव्हा संध्याकाळपुरता का होईना, ग्रे ग्रे दिसायला लागला. दिवसा अजून आकाशीच आहे. बेडरूमला मातकट झाकेचा घेतला, तो मात्र जमला.

केशरी दुपार, डोंबिवली

पांढऱ्याचं बरं असं समजून आम्ही पांढरा लावला. सहा महिन्यांत समोरच्या सोसायटीने बाहेरून भडक केशरी काढला. आता दुपारी तीन ते पाच आमचा हॉल आंबावडी. समोरच्या भिंतीवर ऊन पडतं आणि तो रंग थेट आमच्याकडे येतो. पांढऱ्याला स्वतःचं असं काही नसतं, जे शेजाऱ्याचं तेच त्याचं. सोसायटीला काय पत्र लिहिणार?

पोपडा, रत्नागिरी

तुमचं पुणं, म्हणून तुम्ही रंगाचा विचार करताय. आमच्याकडे आधी ओल, मग रंग.

आजोळी दर दिवाळीआधी चुना भिजत पडायचा. त्यात पिवळेपणा मारायला चिमूटभर नीळ आणि भिंतीला टेकलं तर कपड्याला लागू नये म्हणून डिंक नाहीतर सरस. दोन हात मारले की घर उजळायचं. चुन्यात बुरशी सहजी धरत नाही, भिंतीला श्वासही घेता येतो. तो उडायचा, पण पुढच्या वर्षी पुन्हा मारायचाच असायचा.

मी शहाणा. तळमजल्याच्या खोलीला पुट्टी, प्रायमर, वर गडद ग्रेचे इमल्शनचे दोन हात दिले. मे महिन्यात फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. जुलैत जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत पांढरी भुकटी फुटली. भिंतीतून चढणारं पाणी सुकताना क्षार बाहेर टाकतं, ते हे. पांढऱ्या भिंतीवर ते कुणाच्या नजरेतही आलं नसतं, ग्रेवर मात्र कुणी पीठ उधळल्यासारखं. ऑगस्टमध्ये फुगे आले, गणपतीत पोपडे गळायला लागले. आरतीला आलेला प्रत्येक माणूस एकेक पोपडा नखाने काढून बघायचा. ही काय सवय असते लोकांना, देव जाणे.

दोष ग्रेचा नव्हता, ओल बंद न करता वर रंग थापला हा होता. बाहेरून जोत्याशी पाणी साचायचं, तिथे उतार काढला, गिलावा खरवडून नवा केला, भिंत अख्खा उन्हाळा उघडी ठेवली. मग पांढराच दिला. आता कपाटामागे काळी बुरशी येते ती पांढऱ्यावर ठसठशीत दिसते. पण दिसते म्हणून वेळेवर पुसली जाते. ग्रेवर ती आधी वासानेच कळायची.

माडाखाली, गोवा

आमच्याकडे जुनी माणसं सांगायची की पोर्तुगीज काळात पांढरा चर्चचा; घरांनी रंग लावावा. जुन्या घरांच्या भिंती पिवळ्या, निळ्या, गेरूच्या आणि पांढरा फक्त खिडक्यांच्या कडांना, तो त्याचाच वारसा म्हणतात. मी आतून पांढरा लावला तर आजी म्हणाली, "इगर्ज केलीस मरे!" इगर्ज म्हणजे चर्च. ग्रे दाखवायची हिंमत झाली नाही.

बाबांची खोली, ठाणे

आमचा प्रश्न शोभेचा नव्हता. बाबांना काचबिंदू. त्यांच्या खोलीत भिंत पांढरी, दार पांढरं, स्विचबोर्ड पांढरा, बाथरूममधला धरायचा दांडाही पांढरा. रात्री बटण शोधताना ते भिंत चाचपडत राहायचे. आम्हाला वाटायचं नजर आणखी उतरली.

पलंगाकडची एक भिंत ग्रे केली आणि त्यावर पांढरा बोर्ड पहिल्याच रात्री त्यांना सापडला. पण पहिली छटा जास्त गडद झाली, खोली अंधारली, त्याचाही त्यांना त्रास. मग दुकानदाराने एलआरव्ही नावाचा आकडा दाखवला. पडलेल्या उजेडातला किती भाग भिंत परत देते, ते त्यावरून कळतं. पांढऱ्यांचा ८०च्या वर असतो, आमच्या गडद ग्रेचा ३०च्या आत होता. पुढे ६०च्या आसपासचा घेतला. बोर्डही दिसतो, पेपरही वाचता येतो. दाराच्या चौकटीला गडद रंग दिला, तो बाबांनीच सुचवला. आधी त्यांनाच विचारायला हवं होतं.

भाडेकरू, म्युनिक

इथे भाड्याच्या घराला बहुतेक पांढराच मिळतो. हवा तो रंग लावा, पण सोडताना भिंती सौम्य, सगळ्यांना चालतील अशा रंगाच्या हव्यात. भडक रंगांत घर परत केलं तर भाडेकरूने भरपाई द्यावी, असा इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा २०१३चा निकाल आहे. फिका ग्रे त्यात सहसा खपून जातो, म्हणून मी लावला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेर ग्रे, आत ग्रे. दुसऱ्या हिवाळ्यात रविवारी उठून स्वतःच रोलर फिरवला आणि पांढरा करून टाकला. ग्रे लावायला ऊन लागतं, हे मला परदेशात कळलं.

तेलकट डोकं, सातारा

कुणी डोक्यांबद्दल बोलत नाहीये! आमच्याकडे दिवाणाला लागून भिंत, आणि घरात सगळे खोबरेल लावणारे. पांढऱ्यावर पिवळट वर्तुळं पडली. ग्रे लावला, आता गडद वर्तुळं पडतात. मॅट फिनिश पुसायला गेलं की पुसलेली जागाच चकाकते. आणखी एक, ग्रेवर खिळा काढून बुजवला की तेवढंच ठिगळ दिसतं. शेड नंबर तोच, तरी नव्या डब्याचा रंग जुन्या भिंतीशी जुळत नाही; अख्खी भिंत करावी लागते. पांढऱ्यावर निदान दोन पावलं मागे सरकून बघितलं तर खपतं.

मे महिना, नागपूर

आत ग्रे लावल्याने घर तापतं का, असं बायकोने विचारलं होतं. आमच्याकडे दोन्ही झालं, आतल्या भिंतीने काही फरक पडला नाही. गच्चीवर पांढरा मारला तेव्हा वरची खोली बसण्यासारखी झाली.

दोन मतांमध्ये अडकलेली

सगळं वाचून काढलं, नाशिकचं तर मोठ्याने. पांढऱ्याच्या दोन, ग्रेच्या तीन छटांचे छोटे डबे आणले आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन मारले, दोन्ही हात पूर्ण. ओला रंग फिका दिसतो, सुकल्यावर गडद होतो, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी मत द्यायचं नाही असं ठरलं होतं. नवऱ्याने तासाभरात दिलं.

त्याचा लाडका ग्रे सकाळी खरंच निळा निघाला, त्याने स्वतःच बाद केला. मातकट झाकेचा मलाही आवडायला लागलाय, पण ढगाळ दिवशी हॉल झोपल्यासारखा होतो. सध्या हॉल दुधी पांढरा, बेडरूम मातकट ग्रे इथवर आलोय. पेंटर सोमवारी येतोय.

सासूबाईंनी काल तीनही ग्रे चौकोनांवर मोठं कॅलेंडर टांगलंय. म्हणाल्या, तारीख इथूनच नीट दिसते.