मदत हवी आहे: टीम्सवरचा (ऑफिसचं चॅट अ‍ॅप) डिलीट केलेला मेसेज लेबर कोर्टात कसा सिद्ध करायचा? (इंदूर)

पोहे_जलेबी:
नमस्कार मंडळी. इंदूरला लेबर साइडची वकिली करते, एका सीनियर सरांच्या हाताखाली. सरांची हयात मिल कामगारांच्या केसेसमध्ये गेली, त्यांच्या लेखी पुरावा म्हणजे हजेरी कार्ड, पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड, बास. (हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली आणि कामगारांना पैसे मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला, पण निदान कागद तरी होते हो.) आता जे पक्षकार येतात त्यांच्याकडे कागद नावाची गोष्टच नसते, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर.

तर केस अशी. मुलगा एका बॅक ऑफिसमध्ये होता, नाव देत नाही. काम काय, तर अमेरिकेतल्या वकिलांसाठी रात्रभर दुसऱ्यांचे ईमेल वाचायचे आणि प्रत्येकाला टॅग लावायचा, केसशी संबंध आहे की नाही, वकील-अशिलातलं गोपनीय आहे की नाही. ई-डिस्कव्हरी म्हणतात ते हेच. ऑगस्ट २०२५ मध्ये शिफ्ट संपता संपता एचआरने खोलीत बसवलं, राजीनामा टाइप कर नाहीतर टर्मिनेट करतो मग रिलीव्हिंग लेटर विसर, हा घाबरला आणि केला मेल, घरी पोचेपर्यंत लॉगिन बंद, लॅपटॉप तर तिथेच ठेवून घेतलेला. आता कन्सिलिएशनमध्ये (लेबर ऑफिसरपुढच्या तडजोडीच्या बोलणीत) कंपनी म्हणते स्वखुशीने गेला, आणि मेलबॉक्स म्हणे तीस दिवसांनी आपोआप उडतो. जुने मेल शोधून द्यायचे पैसे घेणाऱ्या कंपनीचे स्वतःचे मेल महिन्यात गायब, काय बोलणार!

मुलाकडे आहे काय, तर मोबाइलने काढलेला स्क्रीनचा एक फोटो. मॅनेजरने टीम्सच्या ग्रुपवर चुकून टाकलेला मेसेज, "आज ही इस्तीफा ले लो, सोमवार को नाम नहीं दिखना चाहिए", आणि लगेच डिलीट केलेला. शिवाय नाइट शिफ्टच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरची थोडी चर्चा.

सर म्हणतात प्रिंट काढ आणि लाव, लेबर कोर्ट कुठे एवढं बघतं. मला धाकधूक आहे. १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाचं (पुराव्याचा नवा कायदा) कलम ६३ आलंय, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागतं, त्याचे दोन भाग, दुसऱ्यावर एक्स्पर्टची सही, तो एक्स्पर्ट आणायचा कुठून? सर्व्हरवरचं मागवायचं कसं? आणि मुलाचं पदनाम "असिस्टंट मॅनेजर" आहे, म्हणजे हा कामगारच नाही असं ते म्हणणारच.

बडोदेकर:
ताई, पदनामापासून सुरू करतो, कारण तिथे पडलात तर पुराव्याला विचारतो कोण. कोर्ट पाटी बघत नाही, मुख्य काम काय ते बघतं. हाताखाली माणसं होती का, रजा मंजूर करायचा का, अप्रेझल लिहायचा का, हे आधी खोदून विचारा. सुपरवायझर ठरला तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार धरायची मर्यादा १०,००० रुपये पगाराची, २१ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,०००, म्हणजे आयटीतला माणूस दोन्हीकडून बाहेर. नुसते टॅग लावत असेल तर लढायला जागा आहे.

फोन बदलू देऊ नका, फॉर्मॅट तर अजिबात नाही. अर्जुन खोतकर निकाल वाचा, सुप्रीम कोर्ट, जुलै २०२०, आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेली केस. मूळ डिव्हाइस मालकाने स्वतः साक्षीला उभं राहून हजर केलं तर सर्टिफिकेट लागत नाही, आणि वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात असून तो सर्टिफिकेट देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करता येतो. निकाल जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब वरचा आहे (आताच्या ६३ च्या जागी तेच होतं) पण कामाचा आहे. लेबर कोर्ट पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेलं नाही हे सरांचं खरं, पण उद्या हायकोर्टात रिट गेली की नुसती प्रिंट लंगडी पडते, म्हणून सर्टिफिकेट लावाच. आम्ही सायबर फॉरेन्सिकवाल्याकडून फोनची इमेज (हुबेहूब डिजिटल प्रत) काढून घेतो, हॅश व्हॅल्यू (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) तोच भरतो (फॉर्ममध्ये एसएचए२५६ या हॅश पद्धतीचा रकाना आहे), भाग ब वर, म्हणजे सर्टिफिकेटच्या दुसऱ्या भागावर, सही त्याचीच.

जर्सीकर_निशा:
मी वकील नाही, इथे न्यू जर्सीत एका लॉ फर्ममध्ये ई-डिस्कव्हरीचं काम बघते. गंमत म्हणजे या क्षेत्राला वळण लागलं ते नोकरीच्याच एका केसमुळे, न्यूयॉर्कची झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग. बाईंचा लिंगभेदाचा दावा, कंपनीच्या लोकांनी मेल उडवले, तर २००४ मध्ये जज शाइंडलिन यांनी ठरवलं की ते मेल कंपनीला अडचणीचे होते असं ज्युरी धरू शकते. २००५ मध्ये ज्युरीने २.९ कोटी डॉलरच्या आसपास दिले. आता २०१५ च्या दुरुस्तीनंतर तेवढं सोपं नाही, असा अंदाज धरायला मुद्दाम उडवलं हे दाखवावं लागतं.

तुमच्यासाठी यातलं कामाचं एवढंच की वाद होणार हे कंपनीला कधी कळलं ती तारीख शोधा. तीस दिवसांच्या आत काही लेखी गेलं होतं का? आणि "सर्व मेल द्या" असं मोघम मागू नका, ग्रुपचं नाव, तारीख, वेळ, रिटेन्शन पॉलिसी (मेल-मेसेज किती दिवस ठेवायचे त्याचा नियम), अॅडमिनचा ऑडिट लॉग (कोणी कधी काय केलं त्याची नोंद) असं नेमकं मागा. टीम्सवर माणसाने डिलीट केलेला मेसेज कंपनीच्या रिटेन्शन सेटिंगप्रमाणे मागे शिल्लक असू शकतो.

बडोदेकर:
+१. १९४७ च्या कायद्यात कलम ११ खाली कागद हजर करायला लावायचा अधिकार आहेच. दिले नाहीत तर प्रतिकूल अनुमान (दडवलेलं त्यांच्या विरोधातलं असणार असं कोर्टाने धरणं) मागा, साक्ष्य अधिनियम कलम ११९.

पोहे_जलेबी:
दोघांचे खूप आभार! आत्ताच पक्षकाराला फोन केला. राजीनाम्यानंतर त्याच आठवड्यात त्याने स्वतःच्या जीमेलवरून एचआरला लिहिलं होतं की जबरदस्तीने घेतलाय, उत्तर आलं नाही म्हणून मला सांगितलंच नाही! हाताखाली कुणी नव्हतं, उलट रजा त्यालाच टीम लीडकडे मागावी लागायची. फोन मात्र भावाला द्यायच्या बेतात होता, थांबवलाय. आता भाग ब साठी इंदूर-देवासकडचा कुणी फॉरेन्सिकवाला माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, आणि फी साधारण किती घेतात तेही लिहा प्लीज, पोरगं अजून बेकार आहे.