मतदार, सज्ञान की नागरिक?

प्रश्न:
अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या ९३ काउंट्यांचा लोकसंख्येचा तक्ता मराठीत करतेय. एका रकान्यात फक्त मतदानाचं वय झालेले नागरिक मोजलेत. मी ‘मतदारसंख्या’ लिहिलं, तर ओमाहाच्या एका काकांनी खोडलं. काय चुकलं?

प्रतिसाद १:
काका बरोबर आहेत. मतदार म्हणजे ज्याचं नाव यादीत आहे तो. इथे यादीचा संबंधच नाही. १८ पूर्ण आणि नागरिकत्व, एवढंच पाहिलंय, तेही जनगणना ब्युरोच्या नमुना पाहणीवरून. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नसते! ‘पात्र मतदार’ही नको. गंभीर गुन्ह्यात तुरुंगात असलेल्याला नेब्रास्कात मत नाही, पण या रकान्यात तो आहे.

प्रतिसाद २:
‘सज्ञान नागरिक’ करा की. सुटसुटीत, कोर्टकचेरीत रुळलेला.

प्रतिसाद १:
बहुतेक राज्यांत खपला असता. नेब्रास्कात नेमकं सज्ञान व्हायला १९ लागतात, मत १८ लाच. आपल्याकडेही १९८९ पर्यंत घोळ होता, पण उलटा: सज्ञान १८ ला, मत २१ ला.

प्रतिसाद ३:
मला तर ‘नागरिक’च खटकतो. ‘पाण्यासाठी नागरिकांचा हंडा मोर्चा’ अशी बातमी येते, तेव्हा पासपोर्ट कोण विचारतो? मराठीत नागरिक म्हणजे वस्तीतली माणसं. या तक्त्यात तसं वाचलं की घात. कोल्फॅक्स काउंटीत मांसप्रक्रियेच्या कामावर आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. त्यांतल्या अनेकांकडे अमेरिकेचं नागरिकत्व नाही. तिथे एकूण लोकसंख्येतून वजा होतात ती नुसती पोरंटोरं नव्हेत. ग्रीन कार्डाच्या रांगेत म्हातारे होणारे आपले मराठी लोकही वजाच. राहतात, कर भरतात, एकूण लोकसंख्येत असतात, या रकान्यात नाहीत. म्हणून ‘अमेरिकी नागरिक’ असं स्पष्टच लिहा.

प्रश्नकर्ती:
म्हणजे ‘मतदानाच्या वयाचे अमेरिकी नागरिक’. रकाना अरुंद आहे हो! आणि काउंटीला ‘जिल्हा’ चालेल?

प्रतिसाद १:
रकाना रुंद करा. आणि काउंटी काउंटीच राहू द्या. आर्थर काउंटीत २०२० च्या जनगणनेत ४३४ माणसं होती. एवढ्यात आपल्याकडे धड ग्रामपंचायत होत नाही, जिल्हा कुठला!