हिरव्या सरड्याचा रंग फोटोत फिका का येतो?

प्रश्न: युरोपातला हिरवा सरडा (लॅसर्टा वंशातला) टिपायचाय. लेन्स 300 मिमी. दुपारी दिसताक्षणी झुडपात पळतो, आणि जे फोटो मिळतात त्यांत हिरवा रंग पिवळट, उडालेला. काय चुकतंय?

उत्तर १: आधी वेळ. दुपारी अंग तापलेलं असतं, मग तो हाती लागत नाही. सकाळी कोवळ्या उन्हात झुडपांच्या कडेला, दगडांवर शोधा. तेव्हा तो ऊन खात पडलेला असतो. वसंतात नराचा गळा निळा होतो, तोच खरा हंगाम. वाकून दोन-तीन पावलं टाका, थांबा, पुन्हा पुढे. तुमची सावली त्याच्यावर पडली की संपलं. पळालाच तर 10-15 मिनिटं हलू नका, बरेचदा तो त्याच जागी परततो.

उत्तर २: रंग उडतो तो जास्त एक्स्पोजरमुळे (कॅमेऱ्यात जास्त प्रकाश गेल्यामुळे) आणि खवल्यांवरच्या चकाकीमुळे. गडद पार्श्वभूमीवर कॅमेरा फसतो, फोटो जास्त उजळ काढतो; एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) -0.7 द्या. पोलरायझर (लेन्सवरचा फिल्टर) चकाकी मारतो, पण 1-2 स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवून शटरचा वेग 1/500 सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8, फोकस डोळ्यावर, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) डेलाइटवर, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली).

उत्तर ३: आणि पोझसाठी पकडू नका. शेपूट तुटते, नवी येते ती पहिल्यासारखी नसते.