चादरीची किंमत इनबॉक्समध्येच का?

ताणाबाणा
सोलापुरी चादरीचा झकास फोटो. खाली वीस जण विचारतात, "किती?" आणि वीसही जणांना एकच उत्तर, "इनबॉक्स बघा." मालक, सोलापूरच्या चाटी गल्लीत दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला कानात भाव सांगता का? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० तर म्हणतात, एकूण किंमत एका आकड्यात दाखवा. किंमत, माप (६०×९० इंच वगैरे), वजन, निव्वळ सुती की मिक्स, कुरिअरचा खर्च, एवढं पोस्टमध्येच टाका. निम्मे प्रश्न येणारच नाहीत.

धोटा
बोलायला सोपंय. इथला माल डझनावर गावोगावच्या दुकानांत जातो. किरकोळ भाव उघडा टाकला की तिथलं गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरतं, "सोलापुरात तर एवढ्यालाच आहे!" तो दुकानदार पुढची ऑर्डर देईल का? शिवाय सुताचा भाव हलतो, पोस्ट मात्र दोन-दोन वर्षं फिरत राहते.

ताणाबाणा
मग भावाशेजारी तारीख टाका. बदलला तर पोस्ट एडिट करा. घाऊक चौकशी खुशाल खासगीत घ्या, डझनाचा भाव चव्हाट्यावर मांडा असं कुणीच म्हणत नाही.
आणि "पाठवलंय" म्हणता ते पोचतं का? इन्स्टावर अनोळखी खात्याचा मेसेज बहुधा 'रिक्वेस्ट'च्या वेगळ्या कप्प्यात पडतो. गिऱ्हाइकाला पत्ता नसतो, तुम्ही मात्र उत्तर दिल्याच्या समाधानात. ऑटो-रिप्लायचं साधन लावलं तरी एका कमेंटला एकच खासगी मेसेज जातो, तोही ७ दिवसांच्या आत. पुढचं बोलणं समोरच्याने उत्तर दिलं तरच. म्हणून त्या पहिल्याच मेसेजात फोटो, माप, भाव सगळं हवं. नुसतं "नमस्कार, बोला" पाठवून ती संधी वाया घालवतात.

हिशेबी
भावाचं जाऊ द्या, खरी गोची तक्रारीत आहे. "पहिल्याच धुण्यात रंग गेला" अशी कमेंट आली की दुकानदार थेट खासगीत पळतो. बघणाऱ्याला वाटतं, दाद दिली नाही. आधी तिथेच एक ओळ लिहा: "चादर बदलून देतो. ऑर्डर क्रमांक आणि फोटो याच पेजच्या मेसेजमध्ये पाठवा." मोबाइल नंबर, पत्ता, बिल मात्र उघड मागू नका. अशा तक्रारींवर भामटे टपलेले असतात. दुकानाचाच लोगो, नावात एक टिंब जास्त, आणि "रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे जाणार. गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा.

धोटा
हे पटलं. पण तक्रार मिटल्यावरही ती कमेंट कायम लटकते, त्याचं काय? लपवलेली बरी.

हिशेबी
फेसबुकवर लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. त्यांच्यातला एखादा सांगतो, "मला दिसतेय की ओ," आणि रंगाचं भांडण बाजूला राहून लपवाछपवीचं सुरू होतं. त्यापेक्षा त्याच कमेंटखाली "अमुक तारखेला बदलून दिली" लिहा.

धोटा
तारखेचं ठीक. डझनाचा भाव मात्र इनबॉक्समध्येच!