अनुभव धागा: गेम घेतला, तरी पैसे संपत नाहीत

मंडळी, परवा भाच्याने विचारलं, "मामा, तुमच्या वेळी गेमच्या आत दुकान नव्हतं?" नव्हतं रे. आता फुकटच्या गेममध्येही खिशात हात घालावा लागतो, आणि खऱ्या संघांची, गाड्यांची नावं-रूपं गेममध्ये वापरायचे परवाने कोणाकडे आहेत त्यावर आपल्याला काय खेळायला मिळणार ते ठरतं. तुमचे अनुभव लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

माझ्यापासून सुरुवात करतो. कोल्हापुरात सायबर कॅफेत 'क्रिकेट ०७' खेळायचो. पूर्ण परवाना इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा, त्यामुळे आपल्या संघातली नावं मोडूनतोडून लिहिलेली. एके दिवशी कॅफेवाल्या दादाने पेन ड्राइव्हवर पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणारी फाइल आणली, खरी नावं आणि निळी जर्सी बसवली. एका मशीनभोवती आठ पोरं! कुणा अनोळखी चाहत्याने घरी बसून केलेलं काम, एक पैसाही न घेता.

ठाण्याहून
मुलगा अकरा वर्षांचा. एका रविवारी दुपारी बँकेचे मेसेज लागोपाठ आले, ३,२०० रुपये गेले. यूपीआयचा पिन त्याने माझ्या बोटांकडे बघून पाठ केला होता. आधी खूप रागावले, मग शेजारी बसून गेम बघितला. आत रुपये दिसतच नाहीत, नाणी दिसतात. पॅक ३०० नाण्यांचा आणि बंदुकीची स्किन, म्हणजे नुसतं वरचं रंगरूप, ३५० ची. म्हणजे दुसरा पॅक घेणं आलंच, आणि उरलेली २५० नाणी पडून राहतात, पुढच्या खरेदीची आठवण करून देत. भाजीवालीसुद्धा सुटे परत देते हो! मोठ्या माणसांनी विचार करून लावलेला हा सापळा आहे, पोराला एकट्याला दोष कसा देऊ?

अँटवर्पहून
२०१७ चा 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' हा गेम आठवतो? डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला ६०,००० क्रेडिट्स, म्हणजे गेममधली नाणी. लोकांनी हिशेब मांडला, सुमारे ४० तास! ओरड झाल्यावर ईए या गेम कंपनीने आकडा ७५ टक्क्यांनी उतरवला, आणि गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी आतली पैशांची खरेदी थांबवली. २०१८ मध्ये इथे बेल्जियममध्ये पैसे देऊन उघडायचे लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणारे खोके, जुगारात धरले गेले, आणि २०१९ च्या जानेवारीअखेर ईएच्या 'फिफा' या फुटबॉल गेममधल्या नाण्यांची, म्हणजे फिफा पॉइंट्सची, विक्री इथे बंद झाली. तेव्हापासून मी त्यातला माझा संघ सामने खेळूनच जमवतो. वेळ लागतो, पण प्रत्येक खेळाडू कसा मिळवला ते आठवतं.

नाशिकहून
'फोर्झा होरायझन ४' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची विक्री १५ डिसेंबर २०२४ ला थांबली. कारण गाड्यांचे वगैरे परवाने संपले. ज्यांनी घेतला त्यांना खेळता येतो. मी आदल्या रात्री धाकट्या भावासाठी घेऊन ठेवला.

लातूरहून
माझं मत थोडं वेगळं. तीन-चार हजारांचा गेम मला कधीच परवडला नसता. कुणीतरी स्किन घेतं म्हणून मी फुकट खेळतो. फक्त पैसेवाल्याची बंदूक जास्त मारायला लागली की मी गेम काढून टाकतो.
ठाण्याच्या ताई, पिन बदललात ना?

ठाण्याहून
त्याच दिवशी. आता तो खेळायला बसला की मीही बसते. काल मला गाडी चालवायला दिली, थेट नदीत घातली.