चर्चा : गेमचा डेमो खेळून लढाई कळते का? 'रोम : टोटल वॉर' आणि ट्रेबिया

पंचवटीकर

भावाच्या जुन्या संगणकावर 'रोम : टोटल वॉर' या युद्धाच्या गेमचा २००४ सालचा डेमो, म्हणजे नमुन्यादाखलचा छोटा भाग, सापडला. मूळ गेम मी कधीच खेळलेलो नाही, म्हणून हे अगदी ताजं मत. डेमोतली मुख्य लढाई ट्रेबियाची, इ.स.पू. २१८ ची. रोमचा शत्रू असलेल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्स ओलांडून इटलीत उतरल्यानंतर रोमच्या सैन्याशी त्याची पहिली मोठी लढाई इथे झाली, पो नदीच्या खोऱ्यात. आपल्या हातात हॅनिबलचं सैन्य असतं.

ग्राफिक्स आता जुनाट वाटतात. जवळ जाऊन पाहिलं तर सगळे शिपाई एकाच साच्यातले. पण कॅमेरा वर नेला की मजा सुरू होते. पायदळ समोरासमोर भिडलं की बराच वेळ काही घडतच नाही, दोन्ही रांगा एकमेकींना रेटत राहतात. मी घोडदळ लांबून वळवून रोमनांच्या पाठीवर घातलं, आणि एका तुकडीचा झेंडा पांढरा होऊन लुकलुकायला लागला. त्या तुकडीत अजून बरीच माणसं शिल्लक होती, तरी ती मोडली. ती पळाली हे पाहून शेजारची ढेपाळली, मग तिसरी. जीव जाण्याच्या कितीतरी आधी सैन्याचा धीर जातो, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

माझं स्पष्ट मत आहे की नववी-दहावीच्या वर्गात असा डेमो निदान एकदा खेळून दाखवावा. आपल्याकडे लढाई म्हणजे साल, जिंकणाऱ्याचं नाव आणि शेवटी तह. मैदानावर मधल्या वेळात काय झालं, याला पुस्तकात एक ओळही मिळत नाही.

इतिहासाच्या बाई

पंचवटीकर, पुस्तकाबद्दलची तक्रार शंभर टक्के मान्य. उपाय मात्र अजिबात मान्य नाही. तुम्ही दिलेलं उदाहरणच तुमच्या विरुद्ध जातं.

ट्रेबियाला काय झालं ते पॉलिबियस आणि लिव्ही या दोन प्राचीन इतिहासकारांनी सविस्तर लिहून ठेवलंय. डिसेंबरचे दिवस, बर्फ पडत होतं. पहाटेच हॅनिबलनं उत्तर आफ्रिकेतले न्यूमिडियन घोडेस्वार रोमन छावणीला डिवचायला पाठवले. रोममध्ये दरवर्षी दोन कॉन्सुल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, निवडले जात आणि सैन्यही तेच चालवत. त्यातला एक, सिपिओ, आधीच्या तिकिनसच्या चकमकीत जखमी झालेला. दुसरा सेम्प्रोनियस. त्याच्या पदाची मुदत संपत आली होती आणि विजय स्वतःच्या नावावर हवा होता. त्यानं न्याहारीही न केलेलं सैन्य बाहेर काढलं आणि छातीभर गार पाण्यातून नदी ओलांडायला लावली. पलीकडे हॅनिबलची माणसं खाऊनपिऊन, शेकोटीशी बसून अंगाला तेल चोळून तयार होती. शिवाय त्याचा भाऊ मॅगो एक हजार पायदळ आणि एक हजार घोडेस्वार घेऊन आदल्या रात्रीपासून काटेरी झुडपांनी झाकलेल्या ओढ्याच्या पात्रात दबा धरून बसला होता.

निफाडची जानेवारीतली पहाट ज्यांनी काढलीय त्यांनी कल्पना करावी. तसल्या थंडीत, ओल्या कपड्यांनी, रिकाम्या पोटी ढाल-तलवार धरायची! बोटं तरी वळली असती का? लढाईचा निम्मा निकाल तिथेच लागला होता. तुमचा डेमो त्यानंतर सुरू होतो. मुलं काय शिकणार, तर घोडदळ मागून आणलं की जिंकता येतं. मागून आणायला समोर कुडकुडणारा शत्रू मिळाला कसा, ते राहूनच गेलं.

कॉलेजरोड_२२

मॅडम, थोडा अन्याय होतोय. गेममध्ये दमणूक असते. तुकडीवर माउस नेला की ती ताजी आहे, दमलीय की पार थकलीय ते लिहून येतं. लांबून पळवत आणलेली तुकडी भिडायच्या आधीच अर्धी गळते. झाडीत उभं केलेलं सैन्य शत्रूला दिसत नाही, म्हणजे दबा धरणंही आहे. आणि हत्ती बिथरले की आपल्याच लोकांना तुडवत सुटतात, हे तर एकदम खरं.

खरी अडचण वेगळी आहे. संगणकाचा सेनापती फार कच्चा. स्वतःच पुढे घुसतो आणि मरतो. असा शत्रू समोर असेल तर कुणीही हॅनिबल होईल.

इतिहासाच्या बाई

दमणूक आहे, पण ती फक्त एक शेरा म्हणून. त्या शेऱ्यामागे सेम्प्रोनियसची घाई आहे, निवडणूक आहे, हवामान आहे. आणि हत्तींचं म्हणाल तर ट्रेबियात ते कामी आले खरे, पण नंतर त्याच हिवाळ्यात जवळपास सगळे थंडीनं मेले. डेमोत लढाई जिंकली की पडद्यावर विजय येतो आणि खेळ संपतो. दुसऱ्या दिवशीचं काही दिसत नाही. मध्यातून फळी फोडून सुमारे दहा हजार रोमन जवळच्या प्लासेंटिया या रोमन ठाण्यात सुखरूप पोचले, हे तुमच्या डेमोतून मुलाला कळतं का?

पंचवटीकर

बाई, ते दहा हजार मला तुमच्याकडून आत्ताच कळले. पण ऐकल्याबरोबर समजले, कारण माझ्या डोळ्यासमोर ती मधली फळी होती. तीच तुकडी सगळ्यात शेवटपर्यंत टिकली होती. डेमो खेळला नसता तर हा नुसता आकडा राहिला असता.

देवळाली कॅम्प

नमस्कार. सगळी नोकरी तोफखान्यात झाली, म्हणून या विषयावर लिहावंसं वाटलं.

खेळातून युद्ध शिकवणं हा पोरखेळ नाही. प्रशियाच्या, म्हणजे जुन्या जर्मन राज्याच्या, सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना 'क्रीगस्पील' खेळवत. नकाशावर ठोकळे मांडायचे, हुकूम चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि निकाल एका अनुभवी अधिकाऱ्यानं पंच म्हणून सांगायचा. आमच्याकडे सँड मॉडेल असे. वाळूत डोंगर, नाले, रस्ते उभे करायचे आणि त्याभोवती उभं राहून एकेकानं बोलायचं. तू इथे तोफ लावलीस, दारूगोळा कुठल्या वाटेनं येणार? पाऊस आला तर? वरिष्ठ इतकं खोदून विचारत की घाम फुटायचा. शिकलो ते त्या प्रश्नांनी.

संगणकाचा डेमो असे प्रश्न विचारत नाही, हा त्याचा मोठा दोष. तरी मी पंचवटीकरांच्या बाजूनं आहे. पंचाचं काम बाईंनी करावं. सुरू करण्याआधी खेळ थांबवून ठेवावा आणि त्या पहाटेची हकिगत सांगावी. मग खेळू द्यावं.

इतिहासाच्या बाई

काका, तुमच्या शब्दाला मान आहे. पण एक लढाई अशा गेममध्ये बसवून दाखवा: पालखेड, फेब्रुवारी १७२८. आपल्या दिंडोरीचं धरणाचं पालखेड नव्हे, वैजापूरजवळचं. निजाम पुण्यावर चालून गेला, तर बाजीराव त्याच्यामागे धावलाच नाही. जालना, बऱ्हाणपूर, गुजरात असा फिरत राहिला आणि शेवटी औरंगाबादेला धोका निर्माण केला. निजामाला पुणं सोडून माघारी फिरावं लागलं, त्याच्या जड तोफा मागे पडल्या, आणि पालखेडला मराठ्यांनी त्याचं पाणी आणि रसद तोडली. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह. मोठी हातघाई झालीच नाही. सगळा पराक्रम चालण्यात, वाट निवडण्यात आणि न लढण्यात. मैदानावरच्या गेममध्ये खेळणाऱ्यानं करायचं काय? ज्या मुलाची नजर अशा डेमोवर तयार होते त्याला पालखेड ही लढाईच वाटणार नाही. माझी भीती ही आहे.

देवळाली कॅम्प

पालखेडला तोफा मागे पडल्या हे तुम्ही लिहिलंत आणि माझ्यातला तोफखानावाला जागा झाला. जड तोफ ओढणाऱ्या बैलांचा वेग हाच त्या मोहिमेचा गाभा. बरोबर आहे तुमचं, हे त्या डेमोत बसणार नाही. त्याला नकाशावरचाच खेळ हवा.

सटाणेकर

रोम झालं, पुणं झालं, आता बागलाणात या. साल्हेर, १६७२. मोगलांनी गडाला वेढा घातलेला. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी चालून आले आणि गडाच्या पायथ्याशी उघड्यावर लढाई झाली. डोंगरातून छापा घालून निघून जाणं वेगळं. इथे मराठे मोगल फौजेशी समोरासमोर लढले आणि जिंकले. जंबुऱ्याचा, म्हणजे उंटावरच्या छोट्या तोफेचा, गोळा लागून सूर्यराव काकडे पडले ते इथेच. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात साल्हेर आहे. आमच्याकडे गडावर ट्रेकला आलेल्या पोरांना विचारा लढाई कुठे झाली, निम्मे जण गडाच्या माथ्याकडे बोट दाखवतात!

याच मालिकेतल्या २००९ च्या 'एम्पायर'मध्ये मराठे घेऊन खेळता येतं, पण तो खेळ सुरू होतो १७०० पासून. साल्हेर नाहीच. दोन सेनापती दोन वाटांनी येऊन वेळेवर एकत्र कसे पोचले, हे मला माझ्या हातानं करून बघायचंय. पंचवटीकर, माझा तुम्हाला पूर्ण पाठिंबा. फक्त डेमो आपल्या मातीतला हवा.

इतिहासाच्या बाई

सटाणेकर दादा, इथे तर मी आणखी सावध होईन. ट्रेबियाची मांडणी पॉलिबियस देतो: पायदळ मध्ये, घोडदळ दोन्ही बगलांना. साल्हेरची हकिगत सभासद बखरीत आहे, अंगावर काटा येतो वाचताना. पण कुठली तुकडी कुठल्या टेकाडाआड होती हे तिच्यावरून मांडता येत नाही. गेम बनवणाऱ्याला ते स्वतःच्या मनानं मांडावं लागेल. आणि पडद्यावर दिसलेलं मुलं खरं मानतात. वीस वर्षांनी कुणी तरी त्या गेमचा नकाशा दाखवून 'अशीच झाली लढाई' म्हणून भांडेल.

सटाणेकर

बाई, मग दोन नकाशे द्या ना! एकात प्रतापराव या खिंडीतून, दुसऱ्यात त्या. दोन्ही खेळा आणि नंतर साल्हेरवाडीत येऊन जमीन बघा. कुठल्या वाटेनं घोडं चढेल ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. काहीच दाखवायचं नाही म्हटलं तर पोरं रोमच खेळत बसणार.

पंचवटीकर

दोन नकाशांची कल्पना फार आवडली. पण ते होईल तेव्हा होईल, आज हातात ट्रेबियाच आहे. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाचा हॉल रविवारी रिकामा असतो. प्रोजेक्टर मी आणतो. देवळालीच्या काकांनी सांगितलं तसं आधी गेम थांबवून ठेवू, बाई पहाटेची हकिगत सांगतील, मग खेळू. बाई, याल का?

इतिहासाच्या बाई

येईन, पण माझं मत बदललंय म्हणून नाही. एक विचारते, डेमोत रोमनांची बाजू घेता येते का?

पंचवटीकर

नाही. हॅनिबलच घ्यावा लागतो.

इतिहासाच्या बाई

मग खेळून झाल्यावर संगणक बंद करायचा आणि प्रत्येकानं सेम्प्रोनियस व्हायचं. पहाटे घोडेस्वार छावणीसमोर आलेत, सैन्य उपाशी आहे, मुदत संपत आलीय. बाहेर पडायचं की आतच थांबायचं, आणि का, हे एका पानावर लिहून द्यायचं. ही अट मान्य असेल तर येते.

कॉलेजरोड_२२

मॅडम, लिहायला लावलंत तर पुढच्या रविवारी कुणी फिरकणार नाही. बोलू द्या ना, काकांच्या सँड मॉडेलसारखं.

देवळाली कॅम्प

बोलण्यात पळवाट काढता येते, लेखी हुकुमात नाही. क्रीगस्पीलमध्ये चिठ्ठी होती ती त्यासाठीच. मी बाईंच्या बाजूनं. कागद मी आणतो.